तरटवाडीची टपालमोजणी

आमचे मेहुणे पुण्याला असतात आणि त्यांची अशी ठाम समजूत आहे, की टपाल खात्यातला माणूस फिरतीवर निघाला म्हणजे डाकबंगल्यात उतरतो, कोंबडी खातो आणि वर भत्ता घेतो. गेल्या उन्हाळ्यात मी कर्जत तालुक्यात आठवडाभर राहून आलो हे कळल्यावर त्यांनी मला हसत विचारलं, "काय, मजा आहे बुवा." त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या इतर सुखी माणसांसाठी हे लिहितो आहे. कोंबडी नव्हती. डाकबंगला नव्हता. भत्त्याचा कागद अजून फिरतो आहे.

आधी मी तिथे का गेलो ते सांगतो. खेड्यातलं पोस्ट तोट्यात चालतं हे सरकारला ठाऊक असतं. गावाला पोस्ट पाहिजे म्हणून सरकार एका ठरावीक रकमेपर्यंत तो तोटा सोसतं, आणि तो सरकारचा चांगुलपणाच आहे असं मी मानतो. पण तोटा त्या रेघेच्या वर गेला की गावाने तो भरून द्यायचा, नाहीतर कचेरी बंद. आता दुष्काळात कोणतं गाव पैसे भरणार? मग उरली मोजणी. कचेरीतला एक माणूस जाऊन पाच दिवस त्या गावातली टपाल मोजतो, टाकलेली किती, आलेली किती, त्यावरून तोटा काढतो, आणि त्या आकड्यावर गावाचं पोस्ट राहतं किंवा जातं. हे काम इन्स्पेक्टरचं. आमच्या इन्स्पेक्टरांना नेमका त्याच आठवड्यात कावीळ झाली. साहेबांनी टेबलावरून मान वर केली, समोर मी दिसलो. अकरा वर्षं खुर्चीवर बसलेला कारकून, चष्मा, पोट जरासं सुटलेलं. "तुम्ही जा," म्हणाले.

गावाचं खरं नाव लिहीत नाही. तरटवाडी म्हणू.

सोमवार: मिरजगाव आणि पुढे

नगरहून मिरजगावला जाणारी एस. टी. रुईछत्तिशीच्या पुढे बंद पडली. का बंद पडली हे ड्रायव्हरलाही सांगता येईना. तो खाली उतरला, बॉनेट उघडलं, आत बघितलं, बंद केलं आणि विडी पेटवली. मी कंडक्टरला विचारलं, "किती वेळ लागेल?" तो म्हणाला, "तुमाला काय घाई हाय?" दोन तास मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. दोन्ही बाजूंना शेतं म्हणून जी काही होती ती भाजलेल्या मातीची होती, आणि त्यांच्या कडेने बाया-माणसं ओळीने बसून खडी फोडत होती. दुष्काळी काम. मी देवरुखकडचा. आमच्याकडे उन्हाळ्यातसुद्धा कुठेतरी हिरवं दिसतं, निदान शेवाळ तरी. इथे डोळ्याला टेकायला जागा नव्हती.

मिरजगावला पोस्टाच्या ओट्यावर दगडूबा बसलेला होता. हा तरटवाडीचा रनर, म्हणजे रोज सकाळी गावातली टपाल घेऊन सात मैल चालत मिरजगावला यायचं आणि तिथली टपाल घेऊन सात मैल परत जायचं, हे त्याचं काम. वय पन्नाशीच्या पुढे, पाय नुसती हाडं. पिशवी खांद्यावर टाकून तो म्हणाला, "चला सायेब. ऊन उतरंस्तोवर पोचू." ऊन उतरेपर्यंत म्हणजे काय ते मला पुढच्या तीन तासांत समजलं.

तिसऱ्या मैलावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. दगडूबाने तो बाभळीच्या काट्याने अडकवून दिला. पाचव्या मैलावर दुसऱ्या चपलेचा तुटला. आम्ही एका बाभळीखाली बसलो, तर दगडूबाने पिशवी खाली ठेवलीच नाही, फांदीला टांगली. मी म्हटलं, "अहो, ठेवा की खाली. काय होतंय?"

"न्हाई सायेब. टपाल भुईवर ठेवीत न्हाईत. माझ्या बापानं बी कदी ठेवली न्हाई."

"हा खात्याचा नियम नाही."

"खात्याचा नसंल. आमचा हाय."

पिशवीत त्या दिवशी चार पत्रं होती. चार पत्रांसाठी चौदा मैल चालणाऱ्या माणसाला आणि ती फांदीला टांगणाऱ्या श्रद्धेला काय म्हणावं ते मला सुचेना, आणि माझ्या टाचेला फोड आलेला असल्यामुळे मी फारसा प्रयत्नही केला नाही.

मंगळवार: नरहरी गुरुजी

तरटवाडीचं पोस्ट म्हणजे शाळामास्तरांच्या घराचा ओटा. ओट्यावर एक टेबल, एक कुलपाची पेटी, भिंतीला लाल डबा. नरहरी गुरुजी सकाळी साडेसहा ते आठ पोस्टमास्तर, मग शाळा, आणि दुपारी दगडूबा परतला की पुन्हा पोस्टमास्तर. उंच, वाळलेले, धोतर स्वच्छ. पाणी मिळत नसताना धोतर स्वच्छ कसं ठेवतात हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मला सकाळी एक तांब्या पाणी मिळालं, त्यात तोंड, दात आणि इतर सगळं उरकायचं होतं. आमच्याकडे पाहुण्याला पहिल्यांदा पाय धुवायला पाणी देतात. इथे पाहुण्याने पाण्याचा विषय काढू नये एवढी रीत मी पहिल्याच सकाळी शिकलो.

आठ वाजता डबा उघडला. आत काही नव्हतं. गुरुजींनी आत हात घालून चारी कोपरे चाचपले, हात बाहेर काढला आणि वहीत शून्य लिहिलं. मला वाटलं, असेल, पहिला दिवस आहे.

दुपारी दगडूबा आला, त्याच्याबरोबर तीन पत्रं आली. त्यातलं एक फौजेतलं होतं. सरपंचांचा मुलगा लक्ष्मण तिकडे आसामात लष्करी गाडी चालवतो, त्याने बायकोला लिहिलेलं. थोड्या वेळाने सरपंचांचा गडी आला आणि म्हणाला, "आन्नांनी कागूद मागितलाय, लक्षुमनचा."

गुरुजी म्हणाले, "पत्र सौ. शेवंताबाईंच्या नावाचं आहे. त्या आल्या की त्यांच्या हातात देईन."

"आन्ना म्हन्ले, आना म्हनून."

"अण्णांच्या नावाचं आलं की अण्णांना देईन."

गडी गेला. हे दर वेळी होतं असं मला गुरुजींच्या बायकोने सांगितलं. सरपंच दर वेळी गडी पाठवतात, गुरुजी दर वेळी परत पाठवतात, आणि त्यात कुणाला राग येत नाही. संध्याकाळी खडीच्या कामावरून शेवंता आली. विशी-बाविशीची, सातवी शिकलेली, हातांना फडकी गुंडाळलेली. दुष्काळाने सरपंचांच्या सुनेलाही खडी फोडायला बसवलं होतं. तिने हात पदराला पुसले, पत्र घेतलं, आणि घरी न जाता शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून ते वाचलं. दोनदा वाचलं असावं, कारण बराच वेळ ती तिथे होती.

बुधवार: शेंगोळी

बुधवारी सकाळीही डबा रिकामा. आता मात्र मला शंका आली. दीडशे उंबऱ्यांचं गाव, निम्मी माणसं ऊसतोडीला कारखान्यावर गेलेली, आणि दोन दिवसांत एकालाही कार्ड टाकावंसं वाटू नये? मी गुरुजींना विचारलं, "नेहमी किती असतात हो?"

"सात-आठ. कधी दहा."

"मग आता काय झालं?"

"माहीत नाही. मोजणीच्या काळात मी ग्रामस्थांशी टपालाविषयी बोलू नये असं परिपत्रकात आहे."

"आणि मोजणीच्या आधी?"

"आधी दवंडी दिली. परिपत्रकात जसं होतं तसंच. 'मंगळवारपासून पाच दिवस सरकारी माणूस गावातली टपाल मोजणार आहे.'"

"एवढंच?"

"एवढंच होतं परिपत्रकात."

मी कपाळाला हात लावला. तरीही मला खरा प्रकार कळला नाही, तो कळला रात्री जेवताना. सरपंचांनी जेवायला बोलावलं होतं. अण्णा म्हणजे साठीचा, मोठ्या मिशांचा, मोठ्या आवाजाचा, मनाने वाईट नसलेला माणूस. ताटात मिलोची लाल भाकरी आणि हुलग्याची शेंगोळी. मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली जनावरांची ज्वारी आहे असं लोक म्हणत, खरंखोटं देव जाणे. भाकरी हातात घेतली की तिचे तुकडे होत. पण ती शेंगोळी! हुलग्याच्या पिठाची वळलेली, लसूण-मिरचीच्या रश्शात रटरटून शिजलेली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी तिसऱ्यांदा वाढून घेत होतो. या सबंध प्रवासात माझ्या मनासारखं झालेलं एवढंच.

अण्णा समाधानाने म्हणाले, "सायेब, तुमचं काम हलकं केलं का न्हाई?"

"कसं काय?"

"एक कागूद पडू दिला न्हाई पेटीत. समद्या गावाला ताकीद हाय. शनवारपतुर कुनी काय टाकायचं न्हाई."

मी घास ताटात ठेवला. "का?"

"आता तुमी सरकारी मानूस, तुमाला काय सांगावं. पर हीरी मोजल्या, पट्टी आली. ज्वारी मोजली, लेव्ही आली. मानसं मोजली, तवा त्या आपरेशनच्या बाई आल्या. आता टपाल मोजताय. कायतरी लावनार. मोजायला सापडलंच न्हाई तर लावनार कशाला?"

मला हसावं की रडावं कळेना. सबंध जिल्ह्यात इतक्या शहाणपणाने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारं दुसरं गाव सापडणार नाही. आणि मला बोलायची बंदी. परिपत्रकात स्पष्ट होतं, मोजणी करणाऱ्याने ग्रामस्थांना टपाल वाढवायला उत्तेजन देऊ नये. तरी मी म्हटलं, "अण्णा, ही मोजणी पट्टीसाठी नसते."

अण्णा हसले. "समदे तसंच म्हनत्यात."

"खरंच नसते हो."

"व्हय, व्हय. जेवा तुमी. अजून शेंगुळं वाढ गं."

शेवंता वाढायला आली. ती आतल्या दाराशी उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. मी वर बघितलं नाही. माझा जीव नुसता चिडचिडत होता, अण्णांवर, गुरुजींवर, परिपत्रक काढणाऱ्यावर, आणि तोंड असून बोलता येत नाही म्हणून स्वतःवर.

गुरुवार: एक

सकाळी साडेसहाला, बाया कामावर निघायच्या वेळी, शेवंता ओट्याशी आली. समोर पारावर पाच-सहा म्हातारे बसलेले होते. त्यांच्या देखत तिने पदराखालून पाकीट काढलं आणि डब्यात टाकलं. पाकीट तळाला पडल्याचा आवाज मला ऐकू आला. इतका रिकामा डबा होता तो. पारावरचे म्हातारे वळून बघायला लागले.

मग ती माझ्याकडे वळली. "सायेब, ह्यो एकच का?"

"एकच."

"आनी कमी भरली तर काय व्हतंय?"

मी वहीत बघायला लागलो. वहीत बघण्यासारखं काही नव्हतं.

"हितलं पोस्ट उठतंय का?"

मी चष्मा पुसला. गुरुजी पेटीचं कुलूप उघडत होते, ते उघडायचे थांबले. खात्याच्या नोकरीत मी पुष्कळ वेळा गप्प बसलो आहे, पण त्या सकाळी जितकी लाज वाटली तितकी कधी वाटली नाही.

"समजलं," ती म्हणाली. "मग माझी पत्रं कुठं यायची?"

हे सांगायला परिपत्रकाची आडकाठी नव्हती. "मिरजगावला."

"तितनं कोन आनील?"

"गावातून कुणी जाईल त्याने आणायची."

"मंजी आन्नांचा गडी." ती हळूच बोलली, पण मला प्रत्येक शब्द ऐकू आला. "मंजी ओसरीत फुटनार, समद्यांम्होरं वाचनार, आनी मग मला सांगनार, त्यो बरा हाय म्हनून. सायेब, त्यो दोन वर्सांत एकदाच घरी आला. मला नवरा मंजी त्ये पत्र हाय." एवढं बोलून ती कामावर गेली.

त्या दिवशीच्या रकान्यात मी एक लिहिला. तेवढं लिहायला मी इतका वेळ लावला, की दगडूबा म्हणाला, "सायेब, ऊन व्हतंय."

शनिवार: पगार

शुक्रवारी डबा पुन्हा रिकामा निघाला आणि मी आशा सोडली. अण्णा सुनेला काही बोलले का, मला माहीत नाही. त्यांनी मला नमस्कार मात्र नेहमीसारखाच केला. मी दिवसभर शाळेच्या सावलीत बसून चपला शिवल्या. मिरजगावला चांभार आहे, पण तिथपर्यंत जायला चपला पाहिजेत.

शनिवारी आठ वाजता गुरुजींनी डबा उघडला, रिकामा पाहिला, शेवटचं शून्य लिहिलं आणि म्हणाले, "मोजणी संपली." मी सही केली. दगडूबाने नुसती सरकारी पाकिटं असलेली पिशवी उचलली. पाच दिवसांत टाकलेली टपाल: एक.

आणि मग संध्याकाळी पाचनंतर गावात गलका झाला. बाहेर येऊन बघतो तर खडीवरच्या बाया, चाळीस-पन्नास असतील, अंगावर धूळ, थेट कामावरून ओट्यापुढे येऊन उभ्या. शनिवार हा पगाराचा दिवस. त्याआधी त्यांच्यापैकी कुणाकडे कार्डापुरतेही पैसे नव्हते. तीन दिवस शेवंता खडी फोडता फोडता त्यांना एकेकीला समजावत होती, पोस्ट उठतंय म्हणून. त्यांना पटलं होतं. फक्त पैसे हातात यायची वाट होती.

"गुर्जी, कार्ड द्या."

गुरुजींकडे तेवीसच कार्डं होती. ती गेली. पुढचा प्रश्न असा निघाला, की लिहायचं कुणाला? निम्म्या बायांची माणसं कुठल्या कारखान्यावरून कुठल्या फडात गेली होती याचा पत्ता त्यांना नव्हता. एक म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "सायेब, तुमचा पत्त्या काय हाय?"

"माझा?"

"तुमालाच धाडतो की. तुमीच मोजनार न्हवं?"

मी घराचा पत्ता सांगितला. काय करणार? शेवंता पायरीवर बसून एकामागून एक कार्डं लिहीत होती, बाया सांगत होत्या, ज्यांना सही येत नव्हती त्या अंगठा उठवत होत्या. सगळी कार्डं डब्यात पडली. मग शेवंताने गुरुजींना विचारलं, "धरतील न्हवं ही?"

गुरुजी उभे होते. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "मोजणी सकाळी आठला बंद झाली, बाई. ही सोमवारच्या पिशवीत जातील."

मी गुरुजींकडे बघितलं. माझ्या वहीत एक शून्य होतं, त्याच्यापुढे थोडी खाडाखोड केली असती तर कुणाला कळणार होतं? ते मला म्हणाले, "तुम्ही लिहू शकता. मी सही करणार नाही." मी चिडून म्हटलं, "मग पोस्ट बुडू द्या." ते म्हणाले, "पत्र ज्याचं त्याच्याच हातात देतो, ते याच नियमाने देतो. एक पाळायचा आणि एक मोडायचा हे मला जमणार नाही." असल्या माणसापुढे मी हात टेकले. बायांना एवढंच कळलं की उशीर झाला. त्या एकेक करून घरी गेल्या. शेवंता पायरीवरून उठली तेव्हा तिच्या फडक्याला शाई लागलेली होती.

परत नगरला

मंगळवारी पोस्टमनने आमच्या दारात कार्डांचा गठ्ठा टाकला. बायको म्हणाली, "एवढं कोण लिहितंय तुम्हाला?" आम्ही दोघांनी ती स्वयंपाकघरात बसून वाचली. बहुतेकांत एकच मजकूर होता, "आमची टपाल मोजा." एकीने कामावर खायला देतात ती सुकडी कमी मिळते म्हणून लिहिलं होतं. एकीने मला चपला बऱ्या झाल्या का असं विचारलं होतं. एक कार्ड अण्णांच्या बायकोचं होतं, खाली अंगठा आणि त्यापुढे शेवंताच्या अक्षरात, "नवऱ्याला सांगू नये."

मी तो गठ्ठा मोजणीच्या तक्त्याला बांधून साहेबांपुढे ठेवला. त्यांनी चार-पाच वाचली.

"ही मोजणीत धरता येतात का?"

"नाही, साहेब."

"मग कशाला आणलीत?"

साहेब वाईट नाहीत. तोट्याची रेघ दुष्काळी भागापुरती तरी वर न्यावी असं त्यांनी वर लिहून पाहिलं. वरून उत्तर आलं, की बाब विचाराधीन आहे, आणि तोपर्यंत नियमाप्रमाणे व्हावं. नियमाप्रमाणे झालं. तरटवाडीची कचेरी बंद करण्याचा हुकूम निघाला, आणि तो तयार करायचं काम अर्थातच माझ्या टेबलावर आलं.

हुकमाचा नमुना छापील असतो. कचेरी बंद झाली तरी भिंतीवरचा डबा राहतो. रनर आठवड्यातून दोनदा जातो, आणि गावातल्या एका माणसाकडे डब्याची किल्ली आणि पिशवी राहते. तो माणूस डबा रिकामा करून पिशवी बांधतो, आलेली पत्रं वाटतो. गुरुजींना हे देता येत नव्हतं, त्यांची त्याच महिन्यात दुसऱ्या शाळेत बदली झाली होती. नमुन्यात ओळ होती: "गावातील साक्षर व विश्वासू रहिवाशाचे नाव." अशा जागी आम्ही डोळे मिटून सरपंचाचं नाव घालतो. अकरा वर्षं मी तेच केलं आहे. मी अण्णांचं नाव लिहायला टाक उचलला आणि परत दौतीत ठेवला. मग मी नियमाचं पुस्तक काढलं. त्या कलमात साक्षर होतं, विश्वासू होतं, रहिवासी होतं. पुरुष कुठेही नव्हतं. सरपंचही नव्हता. मी तीनदा वाचून खात्री करून घेतली.

लिहिलं: सौ. शेवंता लक्ष्मण, सातवी उत्तीर्ण.

साहेबांनी सही करताना पेन थांबवलं. "ही कोण?"

"त्या गावात मोजणीच्या पाच दिवसांत टपाल टाकणारी एकमेव व्यक्ती, साहेब."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं, मग सही केली.

पोस्ट गेलं, हे खरंच आहे. रोजची टपाल आता आठवड्यातून दोनदा येते, मनीऑर्डरीसाठी मिरजगाव गाठावं लागतं, दगडूबाची निम्मी नोकरी गेली. याचं मला वाईट वाटतं, आणि त्याहून जास्त राग येतो, कारण एका दवंडीत चार शब्द जास्त घातले असते तर हे झालं नसतं. मेहुण्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग तू गेलास कशाला?" त्यांच्याशी मी अजून बोलत नाही.

दोन महिन्यांनी आमच्या कचेरीत एक पाकीट आलं. आत तरटवाडीच्या सरपंचांचा तक्रारअर्ज होता. टपालाची किल्ली घरातल्या सुनेकडे देणं रीतीला धरून नाही, ती सासऱ्यालाही पत्र दाखवीत नाही, ज्याचं त्याच्याच हातात देते, तरी ही व्यवस्था ताबडतोब बदलावी. पाकिटावर ठळक अक्षरात आमच्या कचेरीचं नाव होतं. ते गावातल्या डब्यातच टाकलेलं होतं. अण्णांना मिरजगावला जाऊन टाकता आलं असतं, पण सात मैल चालण्यापेक्षा सुनेवर विश्वास टाकणं त्यांना सोयीचं वाटलं असावं. मी पाकीट उजेडात धरून चारी बाजूंनी पाहिलं. डिंक जसाच्या तसा. कुठे उघडल्याची खूण नाही. पिशवीबरोबरच्या चिठ्ठीवर, बांधणाऱ्याच्या सहीच्या जागी, स्वच्छ अक्षरात शेवंताची सही.

मी अर्जावर शेरा लिहिला: "तक्रार न फोडता आणि वेळेवर पोचली. व्यवस्था समाधानकारक. फाइल बंद करावी."